जुनी स्पोर्ट्‌स मोटार आणि धन्याचा हात

यंत्र जुनें झालें कीं तें मोडींत काढावें, अशी रीत आतां सर्वत्र पडली आहे. आणि नव्या यंत्रांची घडणहि अशी होत चालली आहे कीं, घरच्या माणसानें तीं उघडून पाहावीं अशी सोय त्यांत सहसा ठेवलेली नसते. तरी देखील कांहीं लोक असे आढळतात कीं, सुटीचा दिवस उजाडला म्हणजे ते जुने कपडे चढवितात, बाह्या वर सारतात आणि पन्नास-साठ वर्षांमागच्या एखाद्या मोटारीचें झांकण उघडून तिच्या इंजिनांत डोकें घालून बसतात. पाहणाऱ्याला हा छंद खुळेपणाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे. ज्या यंत्रावर स्वतःचा व रस्त्यानें जाणाऱ्या इतरांचा जीव अवलंबून असतो, त्याची दुरुस्ती हौशी माणसानें कोठवर करावी, आणि कोठें हात आखडता घ्यावा?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास इंग्लंडांतील ‘एम्. जी. बी.’ ही मोटार फार सोयीची आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत असे. बुटकी, दोन माणसांपुरती आणि वरचें छप्पर उलगडतां येईल अशी ही गाडी होती. पुढें १९६५ सालीं तिचा कायम छपराचा प्रकारहि निघाला. एकंदर पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील पुष्कळशा अमेरिकेंत विकल्या गेल्या. १९८० सालीं कारखान्याचे दरवाजे बंद झाले. परंतु गाडी मेली नाहीं. तिचे सुटे भाग आजहि नव्यानें बनतात. इतकेंच नव्हे, तर १९८८ पासून मूळच्या साच्यांच्या साहाय्यानें तिचा संपूर्ण पोलादी सांगाडाहि नवा मिळूं लागला. बनविणारा कारखाना उरला नाहीं, पण दुरुस्त करणारे हात उरले, म्हणून ही गाडी जगली.

ब्रिटनमध्यें ह्या हातांवर आतां एक अधिक जबाबदारी येऊन पडली आहे. तेथें मोटारींची दरवर्षीं सक्तीची तपासणी होते. परंतु २० मे २०१८ पासून, चाळीस वर्षें उलटून गेलेल्या आणि मूळ घडणींत मोठा फेरफार न केलेल्या मोटारींना ह्या तपासणींतून सूट मिळाली. एम्. जी. बी. जातीची अगदीं शेवटची गाडीहि आतां ह्या वयापलीकडे गेली आहे. मात्र सूट मिळाली ती तपासणींतून, जबाबदारींतून नव्हे. धोकादायक स्थितींतील मोटार रस्त्यावर आणणारास तेथें अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. म्हणजे पूर्वीं वर्षांतून एकदां एक परका, निर्विकार डोळा गाडीखालीं डोकावून जात असे, तो आतां सक्तीनें येत नाहीं. ती जागा धन्याच्या स्वतःच्या डोळ्यानें भरून काढली पाहिजे.

ह्या गाडीच्या कामाचे दोन भाग सहज पडतात : एक इंजिनाचा व दुसरा स्टिअरिंगचा, म्हणजे सुकाणूचा. दोहोंना पाने तेच लागतात, तेल-ग्रीसहि बहुधा तेंच. पण दोहोंतील चुकीचें फळ मात्र अगदीं निराळें. इंजिनांत चूक झाली तर गाडी धूर ओकते, खोकते, किंवा रस्त्याच्या कडेला मुकाट्यानें उभी राहते. शिक्षा होते ती खिशाला. स्टिअरिंगमधील चूक पुष्कळदां मुळींच बोलत नाहीं. आणि बोलते तेव्हां चाक हातांत राहून गाडी भलतीकडे गेलेली असते. म्हणून इंजिनाजवळ माणसानें शिकत शिकत काम करावें. स्टिअरिंगजवळ आधीं शिकावें आणि मगच काम करावें.

कोणत्याहि कामास हात घालण्यापूर्वीं तीन गोष्टींची तयारी हवी. पहिली गोष्ट म्हणजे त्या त्या सालच्या गाडीची दुरुस्तीपुस्तिका. एकाच नांवाच्या गाडींतहि सालागणिक फरक होत गेले. आरंभींच्या इंजिनांत मुख्य दांडा तीन बेअरिंगांवर फिरे; १९६४ च्या अखेरीपासून तो पांचांवर फिरूं लागला. १९६७ पूर्वींच्या गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे, नंतरच्यांत ऋण टोंक. दुसरी गोष्ट म्हणजे योग्य पाने. ह्या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरच्या मापाचा पाना त्यांवर बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावतांच निसटून नटाचे कोपरे खाऊन टाकतो. तिसरी गोष्ट म्हणजे गाडीखालीं ठेवण्याच्या भक्कम घोड्या. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, उचलून धरण्याचें नव्हे. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरलेलीं माणसें प्राणास मुकलीं आहेत.

आतां इंजिनाकडे वळूं. तें चार सिलिंडरांचें, १७९८ घनसेंटिमीटरचें, बिडाच्या ओतकामाचें आणि सरळ मांडणीचें आहे. झांकण उघडलें कीं त्याचा बहुतेक प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो व हाताला लागतो. असें असूनहि नवशिक्याची नेहमींची चूक ही कीं, गाडी नीट चालत नाहींसें दिसतांच तो कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवूं लागतो. वस्तुतः कार्ब्युरेटरवर घातला जाणारा पुष्कळसा दोष ठिणगीचा, म्हणजे विजेचा, निघतो. आणि ठिणगीवर घातलेला कांहीं दोष झडपांचा. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा : आधीं दाब, मग झडपा, मग ठिणगी आणि सर्वांच्या शेवटीं कार्ब्युरेटर.

दाब मोजण्यासाठीं चारहि स्पार्क प्लग काढावेत, पेट्रोलचें पेडल पूर्ण दाबून धरावें आणि एकेका सिलिंडरच्या तोंडाशीं दाबमापक लावून इंजिन स्टार्टरनें फिरवावें. येथें एकट्या आंकड्यापेक्षां चार आंकड्यांतील मेळ महत्त्वाचा. चारहि जवळजवळ सारखे असतील तर काळजी नको. एकच कमी असेल तर त्या सिलिंडरांत चमचाभर तेल ओतून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर पिस्टनच्या कड्या झिजल्या आहेत, कारण तेलानें ती फट घटकाभर बुजविली. न वाढला तर झडप नीट बसत नाहीं. शेजारशेजारचे दोन आंकडे एकदम खालीं असतील तर त्या दोहोंमधील गास्केट फुटल्याचा संशय घ्यावा. दहा मिनिटांच्या ह्या कामानें इंजिन खोलावें कीं न खोलावें, हा मोठा प्रश्न बव्हंशीं सुटतो.

झडपा आठ. प्रत्येकीच्या दांड्यावर सुमारें इंचाचे पंधरा हजारांश इतकी फट हवी. ती इंजिन थंड असतां मोजावयाची कीं गरम, हें त्या सालच्या पुस्तिकेंत पाहून घ्यावें. कोणती झडप केव्हां मोजावयाची ह्यासाठीं एक सुटसुटीत युक्ति आहे. पुढून मागें झडपांना एक ते आठ क्रमांक द्यावेत आणि इंजिन हळूहळू फिरवावें. जी झडप पूर्णपणें दबून उघडली असेल तिचा क्रमांक नवांतून वजा करावा; उरेल त्या क्रमांकाची झडप त्या वेळीं पूर्ण मिटलेली असते, तिची फट मोजावी. आठवी उघडी असतां पहिली, तिसरी उघडी असतां सहावी, असा हा हिशेब आहे.

ह्या फटी दर खेपेस कमी कमी भरूं लागल्या तर तो एक इशारा समजावा. पूर्वींच्या पेट्रोलांत शिशाचें संयुग मिसळलेलें असे आणि त्याचा सूक्ष्म थर झडपेच्या बैठकीवर बसून तिला झिजण्यापासून वांचवी. भारतांत फेब्रुवारी २००० पासून शिसें असलेलें मोटारीचें पेट्रोल बंद झालें, आणि ब्रिटनमध्येंहि त्याच सुमारास त्याची सर्वसाधारण विक्री थांबली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. पण जुन्या बिडाच्या बैठका उघड्या पडल्या. धुराच्या बाजूची झडप भरधांव वेगांत बैठकीवर आपटून हळूहळू तींत रुतत जाते. ह्याला कायमचा उपाय म्हणजे हेड उतरवून कारखान्यांत नेणें व तेथें कठीण धातूच्या बैठका बसवून घेणें.

हेड उतरविण्याचें काम घरीं होऊं शकतें. पण तें धिमेपणानें केलें पाहिजे. हेडला अकरा नट आहेत आणि त्यांपैकीं चार झडपांच्या दांड्याचे आधारहि धरून ठेवतात. म्हणून केवळ तो दांडा काढावयाचा असला तरी आधीं इंजिनांतील पाणी सोडून, अकराहि नट क्रमाक्रमानें सैल केले पाहिजेत. नाहींतर हेड एका अंगानें ताणलें जाऊन पिळवटतें आणि पाणी सिलिंडरांत झिरपतें. परत बसवितांना मधल्या नटापासून आरंभ करून बाहेरच्या बाजूंना जावें, आणि ४५ ते ५० फूट-पौंडांचा ताण एकदम न देतां तीन-चार फेऱ्यांत द्यावा. हा ताण मनगटाच्या अंदाजानें कळत नाहीं. त्यासाठीं मापाचा पानाच लागतो. मागाहून हेडचे नट पुन्हां आवळले तर झडपांच्या फटीहि पुन्हां पाहाव्यात, कारण एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतोच.

ठिणगीकडे येतां, डिस्ट्रिब्यूटरमधील संपर्कबिंदूंची फट इंचाचे चौदा ते सोळा हजारांश ठेवावी, काळे पडलेले बिंदू बदलावेत आणि मगच ठिणगीची वेळ साधावी. एवढें झाल्यावर कार्ब्युरेटरला हात लावण्याचा अधिकार प्राप्त होतो. ह्या गाडीस बहुतेक करून ‘एस्. यू.’ जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात. दोघेहि सारखीच हवा ओढतात कीं नाहीं, हें रबरी नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें त्यांच्या तोंडाशीं धरून फुसफुसण्याच्या आवाजावरून ओळखतां येतें. मग एकाचा पिस्टन किंचित् वर उचलावा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. वेग पडला तर कमी आहे. क्षणभर किंचित् वाढून पूर्ववत् झाला तर मिश्रण बरोबर आहे. ह्या कामीं एकच नियम कसोशीनें पाळावा : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहिल्यावांचून दुसरीस हात लावूं नये. एकदम तीन गोष्टी बदलणाऱ्याची गाडी सुधारली तरी त्याला कारण कळत नाहीं, आणि बिघडली तर मुळींच कळत नाहीं. शिवाय चालू इंजिनावरचें हें काम दारें बंद करून कधींहि करूं नये. धुरांतील विषारी वायूला वास नसतो.

आतां स्टिअरिंग. त्याची रचना समजण्यास अवघड नाहीं. हातांतील चाकाचा दांडा खालीं एका सांध्यांतून जाऊन लहान दांतेरी चाकास, म्हणजे पिनिअनला, मिळतो. पिनिअन फिरला कीं त्यांत गुंतलेली आडवी दांतेरी पट्टी डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. पट्टीच्या दोन्ही टोंकांस दांडे आहेत. ते गोलसांध्यांच्या द्वारें पुढच्या चाकांस वळवितात. आणि प्रत्येक चाक वळतें तें ‘किंग पिन’ नांवाच्या उभ्या खुंटीभोंवतीं. म्हणजे हातापासून रस्त्यापर्यंतच्या ह्या वाटेंत बरेच सांधे आहेत. प्रत्येकांत केसभर ढिलाई आली तरी सगळ्यांची बेरीज होऊन चाकाशीं ती बोटभर जाणवते. म्हणूनच ‘स्टिअरिंग ढिलें झालें’ हें निदान नव्हे. कोणता सांधा ढिला झाला, तें सांगतां आलें पाहिजे.

त्याची परीक्षा अशी करावी. गाडीचें पुढचें अंग घोड्यांवर ठेवावें. चाक वर-खालीं धरून हलवावें. हललें, तर जोडीदारास ब्रेक दाबून धरावयास सांगून पुन्हां हलवावें. हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. न थांबली तर किंग पिनचा किंवा तिच्या वरच्या-खालच्या आधारांचा. नंतर चाक दोन्ही बाजूंनीं आडवें धरून हलवावें. येथील ढिलाई गोलसांध्यांकडे किंवा दांतेरी पट्टीकडे बोट दाखविते. शेवटीं गाडी जमिनीवर टेकवून जोडीदारानें स्टिअरिंगचें चाक थोडेंथोडें इकडे-तिकडे फिरवावें आणि धन्यानें प्रत्येक सांध्यावर आळीपाळीनें बोट ठेवून पाहावें. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते.

पुष्कळदां असें आढळतें कीं, ज्याला मोठा दोष समजलें तो केवळ हयगयीचा परिणाम असतो. स्टिअरिंग जड वाटलें तर आधीं टायरांतील हवा पाहावी. मग किंग पिनकडे वळावें. प्रत्येक बाजूस ग्रीस भरण्याच्या तीन निपल आहेत. चाक जमिनीवरून उचललेलें असतां त्यांत पिचकारीनें ग्रीस भरावें, म्हणजे भाराखालीं मिटलेल्या जागाहि उघडून त्यांत तें पोंचतें. वर्षानुवर्षें कोरड्या राहिलेल्या खुंट्या गंजतात, अडकतात आणि आपले बुश खातात. तसेंच पट्टीच्या दोन्ही टोंकांवरील रबरी पिशव्या दर खेपेस पाहाव्यात. पिशवी फाटली म्हणजे आंतलें वंगण बाहेर जातें, धूळ-पाणी आंत शिरतें, आणि थोड्या रुपयांच्या रबरापायीं हजारोंची पट्टी निकामी होते.

गोलसांधा बदलणें घरीं शक्य आहे. त्याचा नट काढल्यावरहि त्याचें निमुळतें टोंक भोंकांत घट्ट बसलेलें असतें. आट्यांच्या टोंकावर घाव घालणें हा अडाणीपणा होय. त्यानें आटे तेवढे चेपतात. भोंकाच्या कडेस एका बाजूनें जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूनें दुसरीचा ठोका द्यावा, किंवा त्यासाठीं मिळणारें ओढण्याचें साधन वापरावें. जुना सांधा दांड्यावरून उलगडतांना फेरे मोजावेत आणि नवा तितकेच फेरे चढवावा. आपोआप घट्ट राहणारा नट किंवा दुभंगी पिन एकदां काढली कीं पुन्हां वापरूं नये.

एवढ्यानें काम पुरें होत नाहीं. पुढचीं दोन चाकें अगदीं समांतर नसतात. पुढच्या कडेला तीं इंचाच्या सोळाव्या भागापासून बत्तिसाव्या भागाच्या तिपटीपर्यंत, म्हणजे सुमारें दीड ते अडीच मिलिमीटर, एकमेकांकडे झुकलेलीं असावीं लागतात. चाकांच्या मध्याच्या उंचीवर टायरांच्या पुढील कडांना खडूच्या खुणा करून त्यांमधील अंतर मोजावें. मग खुणा मागें येईपर्यंत गाडी सरळ पुढें ढकलून पुन्हां मोजावें. दोन अंतरांतील फरक म्हणजेच हा झुकाव. घरच्या मापावर गाडी सांवकाश कारखान्यापर्यंत न्यावी एवढेंच; अखेरचें माप तेथील यंत्रावरच घ्यावें.

कांहीं कामें घरीं करूंच नयेत. किंग पिनचे नवे बुश बसविल्यावर ते खुंटीच्या मापाबरहुकूम कातावे लागतात; त्याला खास हत्यार आणि सरावाचा हात लागतो. दांतेरी पट्टी खोलून तिच्या आंतील पातळ चकत्यांचें माप जुळविणें हेंहि तसेंच. त्यापेक्षां दुरुस्त केलेली पट्टी बदलून घ्यावी. आणि वांकलेला स्टिअरिंगचा दांडा किंवा हात तापवून, ठोकून सरळ करण्याचा मोह कोणत्याहि परिस्थितींत होऊं देऊं नये. असा भाग सरळ दिसतो, पण त्याच्या पोटांत बारीक चीर राहून जाते.

स्टिअरिंगचें काम आटोपल्यावर प्रत्येक नट दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. ह्यांत कमीपणा नाहीं. ज्यानें नट आवळला त्याच्या डोळ्याला तो आवळलेलाच दिसतो. विसरलेला नट परक्यालाच आधीं दिसतो. ब्रिटनमध्यें सूट मिळालेल्या गाडीचीहि तपासणी राजीखुषीनें करून घेतां येते, आणि शहाणे धनी ती करून घेतात. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगानें काढावी. परत आल्यावर सर्व नट पुन्हां पाहावेत.

शेवटीं एक साधी वही ठेवावी. कोणत्या दिवशीं, किती मैलांवर, कोणता भाग काढला, कोणतें माप भरलें, कोणतें काम बाहेर दिलें आणि कोणतें अजून राहिलें आहे, तें तींत टिपून ठेवावें. अशा गाडीला आयुष्यांत अनेक धनी लाभतात. पुढच्या धन्याला रंगाच्या चकाकीवरून आंतली गोष्ट कळत नाहीं. वहींतील ओळींवरून कळते. गाडी विकण्याचा दिवस आला तर किल्लीबरोबर ही वहीहि त्याच्या हवालीं करावी, म्हणजे डाव्या बाजूचा गोलसांधा केव्हां बदलला हें त्याला अंदाजानें ठरवावें लागणार नाहीं.